जावयाचं विमान

साठच्या दशकात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा जावई परदेशातून नव्या तऱ्हेचं इंजिन घेऊन आला. त्यात दट्टे वरखाली होत नव्हते. एक तिकोनी लोखंड आतल्या आत गरगर फिरायचं. प्रयोग तिकडेही अजून पुरा झाला नव्हता. पण पुढाऱ्याला उसावर औषध फवारणारं विमान हवं होतं, आणि त्याच्या पोटावर स्वतःचं नाव. जावयाने ते इंजिन एका लहान विमानात बसवलं आणि उडवायला विमान चालवायला शिकलेल्या माझ्या थोरल्या भावाला ठेवलं.

चाचणीच्या दिवशी विमान आष्ट्याबाहेरच्या माळावरून उठलं आणि शाळूच्या रानात पडलं. भावाचा पाय मोडला. खाटेवरून तो मला म्हणाला, "थंड हाय तवर लय गोड चालतंय. तापलं की मरतंय."

पुढाऱ्याने चावडीसमोर वेगळा निकाल दिला. "परदेशी इंजिन बंद पडत नसतंय. माणूस भितो."

त्या एका वाक्यानंतर भावाला कुणी विमानाजवळ उभं करेना. त्याला बघितलं की पोरं हातांचे पंख करून लंगडायची.

मला पुढाऱ्याचा जीव नको होता. त्याच्याच तोंडून उलटं वाक्य हवं होतं, तेही चारचौघांत.

विमान दुरुस्त झालं, उद्घाटन ठरलं. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, कारण पंचक्रोशीला विशेषणं मीच पुरवत असे. जावई चालवणार, पुढारी शेजारी बसणार. दोघं आत बसले, आणि फोटोत पंखा फिरताना दिसावा म्हणून इंजिन आधीच चालू केलं. मी माईक धरला आणि हार पुकारायला सुरुवात केली. सोसायटीचा हार. तालमीचा हार. महिला मंडळाचा हार. "शेपटीकडून या, पंख्यापासून लांब!" हार नाकारलेला पुढारी माझ्या वाचनात तरी नाही.

"मामा, निघू या! तापतंय!" जावई ओरडला.

"थांबा वो जावईबापू, जतची माणसं आल्यात," मी माईकवरूनच म्हणालो.

जतच्या धनगरांनी घोंगडं आणलं होतं. ते मी सावकाश, घडी मोडून पांघरायला लावलं.

इंजिनाला उचकी लागली. निळा धूर आला आणि पंखा थांबला. नाकापर्यंत झेंडूत बुडालेला पुढारी पुटपुटला, "आरं, इंजिन बंद पडलं की!"

मी वायर ओढत धावलो. "साहेब, मागच्यांना ऐकू आलं नाही."

समोर आलेला माईक त्याने आयुष्यात सोडला नव्हता. त्याने घसा साफ केला. "बंधूंनो, इंजिन बंद पडलं आहे!"

गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "आवं सायेब, मग आता भ्यालं कोन म्हनायचं?"

सगळा माळ हसला. भाऊ कुबडीवर रेलून उभा होता. तो हसला नाही.

"आजून एकदा म्हणाय लाव," तो मला म्हणाला.

मी माईक पुन्हा पुढे केला.