कानांचं कुणाला सांगितलं नाही

मिलच्या साचेखात्यात चोवीस वर्षं कापड विणलं, त्यात कान गेले. तिथं त्याचं काही वाटलं नाही. त्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही. सगळे ओठ बघून, हातवारे करून बोलायचे. मिल बंद पडली आणि मला कळलं, की बाहेर मी बहिरा आहे.

दोन वर्षांनी शहराबाहेर, सांवेर रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायचं काम मिळालं. "कानांचं बोलू नका हो," बायकोनं बजावलं होतं. मुलाखतीत मॅनेजरच्या ओठांवर नजर ठेवून उत्तरं दिली.

पहिल्या दिवशी पॅकिंगच्या खोलीत शिरलो आणि दारातच थबकलो. सगळ्यांच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं! ओठच दिसेनात. मागून कुणी हाक मारली तर? चूक दाखवली आणि मी नुसता हसत राहिलो तर? दर दोन मिनिटांनी मी मान वळवून बघायचो. समोर बसणाऱ्या बाईंना वाटायचं, मला मानेचं दुखणं आहे. त्यांचे हात बघून बघूनच मी काम चालवलं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी मी खाली मान घालून लेबलं लावत होतो. जळका वास आला म्हणून वर पाहिलं. समोरची खुर्ची रिकामी. मागे वळलो, तर खोलीत एकही माणूस नाही. सरकता पट्टा चालूच होता, बाटल्या टोकाशी पडून फुटत होत्या आणि दाराच्या फटीतून धूर आत येत होता. कसाबसा भिंत चाचपत, खोकत बाहेर आवारात आलो.

आग शेजारच्या गोदामात लागली होती. मॅनेजर धावत आले, फडकं खाली ओढून ओरडले, "घंटी कब से बज रही है! सुनाई नहीं देता?"

"नहीं साहब," मी म्हणालो. "सच में नहीं देता."

समोरच्या बाई माझ्यासारख्याच मराठी होत्या. तोंडावरचं फडकं काढून त्या रडायलाच लागल्या. "भाऊ, आधी सांगायचं ना! हाताला धरून नेलं असतं तुम्हाला."

मॅनेजरनी मला घरी पाठवलं. "बुलाएँगे," एवढंच म्हणाले. पाच दिवस दारात सावली पडली तरी वाटे, काढून टाकल्याचा निरोप आला. बायको स्वतःलाच दोष देत बसायची.

सहाव्या दिवशी बोलावणं आलं. गेलो, तर माझी खुर्ची दाराकडे तोंड करून मांडलेली आणि दारावर लाल बल्ब. घंटी वाजली की तो पेटणार. बाईंनी हट्ट धरला होता, इलेक्ट्रिशियननं अर्ध्या दिवसात तार ओढून दिली होती. काम लिहून सांगायला एक पाटी आणि खडूही ठेवला होता.

भीती काही लगेच गेली नाही. महिनाभर मी लेबलांपेक्षा बल्बकडेच जास्त बघायचो. लेबलं तिरपी लागली. मॅनेजरनी पाटीवर मोठ्या अक्षरांत मला झापलं, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मला कुणाचं बोलणं पुरतं कळलं.