सहीच्या आधी

हुपरीच्या यल्लव्वा कांबळे घरात बसून पैंजणांच्या कड्या जोडतात. त्यांची धाकटी प्रीती नऊ वर्षांची. तिला सांगितलेलं उशिरा कळतं, आणि वर्गात गोंगाट झाला की ती कान झाकून ओरडते.

गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापकांनी यल्लव्वांना बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तिथंच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तीन वर्षांत त्या शाळेत त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

“ताई, इथं सही करा. पोरीच्या सोयीचंच हाय.”

“काय लिवलंय ह्यात?”

“नेहमीचा फॉर्म हाय ओ.”

“मग घरी नेऊन मालकास्नी दावते की.”

“कागद भाईर न्हाय जायचा.”

यल्लव्वा चौथी शिकलेल्या. छापील जडजंबाल मराठी त्यांना उलगडेना. शिपायाला हाक मारायला गुरुजी दारापर्यंत गेले, तेवढ्यात त्यांनी मोबाईलवर कागदाचा फोटो काढला आणि “दुपारच्याला येते,” म्हणून सटकल्या.

नवरा कृष्णात वैतागला. “एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलंल? करून टाक सही.”

तालुक्याहून अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षिका रुचिता मगदूम यांनी फोटो वाचला. “काकी, तुमच्याच विनंतीवरून प्रीतीला यापुढं घरीच शिकवावं, असं लिहिलंय. तुम्ही मागितलंय का हे?”

“मी कशाला मागू?”

“मग सही करू नका. जवळच्या शाळेत शिकणं हा तिचा कायद्यानं हक्क आहे. तिला घरी बसवायचं शाळेनं परस्पर नाही ठरवायचं.”

पण रुचिताचा पगारही सरकारचाच. ही आपल्या बाजूनं का बोलते? दुसऱ्या दिवशी यल्लव्वांनी कोल्हापूरची एसटी धरली. कोर्टाबाहेरच्या एका टायपिस्टापुढं मोबाईल धरला. रुचिता काय म्हणाली, ते त्याला सांगितलंच नाही.

त्यानं चष्मा वर केला. “पोरीला शाळंतनं काढाय तुम्हीच अर्ज केलाय व्हय?”

तेव्हा कुठं त्यांनी रुचिताला तक्रारीचा अर्ज लिहायला सांगितला. तोही तीनदा वाचून घेतला.

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात कारकून म्हणाला, “ठेवून जावा.”

“माझ्याजवळच्या नकलेवर पोचंचा शिक्का मारल्याबिगर न्हाय जात.”

जेवणाची सुट्टी झाली, संपली. यल्लव्वा टेबलापाशी उभ्याच. शेवटी शिक्का पडला.

पंधरा दिवसांनी शाळेला पत्र आलं: प्रीती वर्गातच शिकेल, आणि रुचिता आठवड्यातून दोनदा तिच्याजवळ बसेल. कृष्णातचा जीव भांड्यात पडला. यल्लव्वांचा नाही. एका दुपारी त्या न सांगता शाळेत गेल्या. पटावर हजेरी लागलेली. प्रीती मात्र खिचडीच्या खोलीबाहेर एकटीच खडे मांडत बसलेली. यल्लव्वांनी असा आवाज चढवला की सगळी शाळा खिडक्यांत आली. मग लेकीचा हात धरून त्यांनी तिला वर्गात बाकावर नेऊन बसवलं.

आता प्रीती स्वतःचं नाव लिहिते. गोंगाट वाढला की रुचितानं नेमून दिलेल्या कोपऱ्यात जाते, थोड्या वेळानं परत येते.

परवा बाजारात मुख्याध्यापक भेटले. हसून म्हणाले, “काय ताई, प्रीती कशी हाय?”

यल्लव्वांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तुमच्याच शाळंत असती की, गुरुजी. तुम्हीच सांगा.”