मशीन बंद होतं, रेघ तशीच होती

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या गल्लीच्या समितीतल्या कुणाला नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस — दुसऱ्यांनी काय दडवलं ते मोठ्या टाइपात छापायची सवय. स्वतःचं लिहायला बसलो की हात आखडतो. तरी लिहितो.

पडेगावच्या आमच्या गल्लीत मागच्या वर्षी विजेवरचं काहीच टिकत नव्हतं. दोन टीव्ही गेले, शेजारच्या कांताकाकूंचा फ्रिज जळाला. वीज कार्यालयात अर्ज दिले — उत्तर नाही. मग गल्लीचा संशय कोपऱ्यावरच्या रफिकचाचांवर गेला. सिल्लोडहून येऊन त्यांनी वेल्डिंगचं दुकान उभं केलेलं; गेट, खिडक्या, टाक्यांचे स्टँड. "आमचे फ्रिज जाळून ह्याचे गेट बनतेत," काकू त्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या.

मी रिपेअरिंगच्या दुकानात कामाला. तिथला ऑसिलोस्कोप एका रविवारी घरी आणला — लाइनमध्ये काय चाललंय ते पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र. मधे छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवून घरच्या लाइनला जोडला. रेघ शांत. चाचांचं मशीन चालू असताना क्वचित एखादा बारीक काटा उठायचा आणि दिसेपर्यंत नाहीसा व्हायचा. तेवढ्यानं फ्रिज जळत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पण यंत्रात पर्सिस्टन्स नावाचं सेटिंग असतं : जुनी रेघ पडद्यावर किती वेळ राहू द्यायची. मी 'इन्फिनिट' केलं. म्हणजे आपण पुसेपर्यंत काही जातच नाही. दिवसातून एकदा होणारी गडबड पकडायला ते फार कामाचं. मी ते कशाला वापरलं? संध्याकाळपर्यंत दिवसभराचे काटे एकावर एक साचले, पडदा भरला, तेव्हा फोटो काढला. पत्रकात त्याखाली छापलं — 'हे आपल्या घरात प्रत्येक क्षणाला घडतंय!'

हे एक झालं. याहून वाईट पुढं आहे.

पत्रक वाटून झालं आणि चाचा घरी आले. भांडायला? नाही. "बेटा, माझ्यासमोर लावून दाखव की जरा." समितीची चार माणसं तिथंच चहा पीत होती. मी यंत्र लावलं, सेटिंग तेच ठेवलं. चाचांनी फोनवर कारागिराला मशीन चालू करायला सांगितलं. काटा उठला, राहिला. "आता बंद कर," ते फोनवर म्हणाले. मग कितीतरी वेळ पडद्याकडं बघत बसले.

"मशीन बंद हाय. फिर भी रेघ हाय. असं कसं?"

सबंध गल्लीत पहिला बरोबर प्रश्न या माणसानं विचारला होता. 'क्लिअर'चं बटण माझ्या अंगठ्याजवळ होतं. दाबलं असतं तर पडदा स्वच्छ झाला असता, आणि माझं पत्रक खोटं पडलं असतं. चारी जण माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हणालो, "असर राहतो, चाचा. लाइनीत."

त्यांनी मान हलवली. "तुला कळतंय त्यातलं. मग आपलीच गलती असंल." तिथून उठून ते काकूंच्या दारात गेले आणि माफी मागून आले. आठवड्याच्या आत त्यांचं सामान टेम्पोत चढलं.

पुढच्याच महिन्यात आणखी एक टीव्ही जळाला. आता बोट दाखवायला कोपऱ्यावर कुणी नव्हतं. लाइनमन खांबावर चढला. न्यूट्रलची तार ढिली निघाली; ती सुटली की घरातला दाब एकदम वाढतो आणि वस्तू जळतात. आवळली. त्यानंतर काही जळालं नाही. मी त्यावर खणखणीत पत्रक काढलं — बेपर्वाई किती दिवस सहन करायची? जबाबदार कोण? चाचांबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

मागच्या महिन्यात कामानं सिल्लोडला गेलो. बाजारात चाचा दिसले, दुसऱ्याच्या दुकानात काम करत होते. हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवून ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं गेले, मग पलीकडच्या शिंप्याकडं. मशीन चालू करू का, म्हणून विचारत होते. शिंपी हसला. "अहो चाचा, रोज काय विचारता!" तरी तो 'करा' म्हणेपर्यंत ते दारात उभे राहिले.

मी रस्त्याच्या या बाजूला होतो. हाक मारली नाही.