चार गाई आणि एक टाकी

गोबरगॅसच्या टाकीवर तळहाताने दोनदा थोपटायचं आणि मला विचारायचं, "पोट भरलंय हिचं, अल्वा सार?" ही काकांची रीत. अल्वा, म्हणजे हो ना. गोठ्यात गाई चार. ही त्यांची पाचवी.

आमची संस्था म्हैसूरभोवतीच्या गोठ्यांतून फिरते. शेण उघड्यावर कुजलं की मिथेन हवेत जातो आणि हवा तापते. तो टाकीत धरून चुलीत जाळायचा, एवढंच आमचं काम. काकांचा गोठा कडकोळ गावाच्या अलीकडे. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, मराठी. मी साताऱ्याचा. "तुमचं मराठी पुस्तकातलं हो," म्हणून मला चिडवायचे.

लोकांना हे पटवताना आमच्या नाकी नऊ येतात, तुम्हीही पाहिलं असेल. काकांना एकदाच सांगितलं. "सुम्ने सोडायचा नाही, जाळायचा. अष्टे ना?" सुम्ने म्हणजे उगाच, अष्टे म्हणजे एवढंच.

संक्रांतीला इकडे गाईंना हळद लावून जाळावरून पळवतात. काकांनी टाकीलाही हळद फासली. "हिला तेवढं जाळाजवळ नेऊ नका!" मी ओरडलो. "तेवढं कळतं सार मला," म्हणत खोकला येईपर्यंत हसले.

मग काकी गेल्या. पाठोपाठ काकांचे गुडघे गेले. बेंगळुरूचा मुलगा आला आणि एका सकाळी टेम्पो बोलावून त्याने चारही गाई विकल्या. काका गप्प बसले, याचा मला राग आला. पण मी तरी काय बोललो? फोनवर बजावलं, की नवं शेण घातलं नाही तरी महिनाभर गॅस येत राहील, तो रोज जाळा.

तेव्हापासून रोज सकाळी फोन. "चूल पेटली सार." शिजवायला काही नसलं की नुसतं पाणी उकळायचे. "गाई गेल्या, नोडी, बघा, पण जाळ अजून त्यांचाच आहे." जाळ किती बारीक झाला, तेही सांगायचे. मी कामात असलो की नुसतं हं हं करायचो.

एके सकाळी म्हणाले, "आज पेटली नाही."

"छान केलंत काका! थोडाही गॅस हवेत गेला नाही." कसलं छान! आजही आठवलं की लाज वाटते.

"अष्टे ना? मग उद्या सकाळी उठून काय करू, तेवढं सांगा सार."

"येतो एकदा," म्हणालो आणि गेलो नाही. पंधरवड्याने त्याच नंबरवरून फोन आला. "बोला काका," मी सवयीने म्हणालो. पलीकडे त्यांचा मुलगा होता.