देवीसाठी टिकली

आमचे हे मालकाचा ट्रक चालवतात. गाडी काढायच्या आधी माझ्या पाकिटातली एक लाल टिकली मागून न्यायचे. केबिनमध्ये कमलाभवानीचा फोटो आहे, त्याला लावत असतील, असं मी धरून चालले होते. मनातून बरंही वाटायचं.

एकदा सोलापुराहून बार्शीला माहेरी जायचं होतं. एसटीची वाट कोण बघणार, म्हणून मी त्यांच्याच केबिनमध्ये बसले. बघते तर देवीचं कपाळ कोरं. टिकली समोरच्या मीटरवर चिकटवलेली, आणि तिच्या कडेनं लाल उजेड झिरपत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"ब्रेकची हवा कमी झाली की लागायचा दिवा हाय. उगंच लागतो. मालक म्हणला, ही खेप टाकून ये, मग मिस्त्रीला दाखवू."

मी नखानं टिकली उपटली.

"काढू नको की! लई डोळ्यात जातो त्यो."

"अवो, डोळ्यात जावा म्हणूनच दिलाय की तो!" मी ओरडले.

पण त्यांनी गाडी काही थांबवली नाही. पुढं उसाचा ट्रॅक्टर दिसला की माझेच पाय खालचा पत्रा दाबायचे. बार्शीत उतरले तेव्हा पोटऱ्या आखडून गेल्या होत्या.

तेव्हापासून टिकल्यांचं पाकीट मी डाळीच्या डब्यात लपवते. परवा त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ निघालं. अर्धं संपलेलं.