तोंड नसलेला बाजार

मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून मी जन्म काढला. तुमच्या घरातल्या कुणीतरी माझ्या चित्रातल्या हत्तीला नक्कीच मिशा काढल्या असतील, तेवढी माझी प्रसिद्धी. कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचे गुरू कोण? मी खरं उत्तर देते, पण लोकांना ते विनोद वाटतं. माझा गुरू म्हणजे माझा राग. तो नसता तर मी धरणगावच्या एका माडीवर पापड लाटत म्हातारी झाले असते, आणि माझे पापड काही फारसे चांगले होत नव्हते.

एकोणीसशे पासष्टच्या पुढेमागे माझं लग्न झालं. माहेर जळगावचं, सासर धरणगावचं. दोन्हीकडे व्यापार, दोन्ही घरं कितीतरी पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेली. शाळा मात्र माझी मराठीतली, अकरावीपर्यंत. घरातलं बोलणं मारवाडी. ते मी इथे मराठीत लिहिते आहे, त्यामुळे सासूबाईंच्या बोलण्याची धार जरा कमी होईल, त्याला इलाज नाही.

सासरी खाली कापडाचं दुकान आणि वर आम्ही. माडीला बाजारपेठेकडे उघडणारी एक खिडकी होती. आम्हा बायकांना बाजार दिसायचा तो त्या खिडकीतून. देवळात जायचं तर मागच्या बोळातून, आणि तेही हनुवटीपर्यंत घुंघट ओढून. सासरे माझ्याशी कधी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. जिन्यात खाकरले की मी पदर ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. मला काही सांगायचं असलं तर ते कपाटाला सांगत. "आज ताकात मीठ जास्त पडलंय म्हणतात," असं ते कपाटाला म्हणाले की मी समजून घ्यायचं.

या घरात मी चित्रं काढत होते. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, भांडी आवरली की घर आडवं व्हायचं. तेवढा तास माझा. ताग्यांच्या आतले पुठ्ठे दुकानात पडून असत, ते नवरा वर आणून टाकी. पेन्सिलीही तोच जळगावहून आणायचा. त्याने माझ्यासाठी कुणाशी भांडण केलं नाही, पण पेन्सिली आणायला कधी विसरला नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. तेवढंच त्याला जमत होतं, आणि तेवढं त्याने नीट केलं.

आताची मुलं मला म्हणतात, मूड लागत नाही. मला हा शब्दच कळत नाही. भांडी आवरली की मी खिडकीत. ताप असो, पाहुणे असोत, उपास असो, सणाचं पुरण वाटून खांदे भरून आलेले असोत, मी खिडकीत. चांगलं चित्र निघालं नाही तर वाईट काढायचं, पण काढायचं. मला चित्र येतं याबद्दल मला कधी शंका नव्हती. खरं तर थोडी असायला हवी होती.

एकदा शाळेतले चित्रकलेचे मास्तर सदऱ्याचं कापड घ्यायला दुकानात आले. नवऱ्याने काय धाडस केलं कोण जाणे, दोन पुठ्ठे त्यांना दाखवले. मास्तर म्हणाले, "यांना ग्रेड परीक्षांना बसवा. दोन्ही पास झाल्या तर धुळ्याला शिक्षकीचा कोर्स करता येईल. मुलींच्या शाळांना चित्रकलेच्या बाई मिळत नाहीत." नवऱ्याने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं ताट खाली पडलं. चित्र काढून माणूस काहीतरी होऊ शकतो, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही नकोच होतं.

परीक्षेला सासऱ्यांनी परवानगी दिली, म्हणजे कपाटाला दिली. शाळेतल्या पोरांची परीक्षा आहे, खेळ आहे, एवढंच त्यांना वाटलं. मी गेले. सगळीकडे हाफपँटी आणि परकर, आणि मधोमध डोक्यावर पदर घेतलेली मी. शेजारच्या मुलाला मी पर्यवेक्षक वाटले. तो उभा राहून म्हणाला, "बाई, पाण्याला जाऊ का?" मी म्हटलं, जा. काय करणार!

स्मरणचित्राचा विषय आला: आठवडी बाजार. मला हसूच फुटलं. अहो, बाजाराच्या दिवशी माझ्याएवढा बाजार अख्ख्या धरणगावात कुणी बघितला असेल? रोज दुपारी त्या खिडकीत मी दुसरं केलंय काय? आजूबाजूची पोरं पेन्सिली चावत होती आणि माझा हात थांबत नव्हता. पागोटी काढली, एकेक पीळ दाखवून. टोपल्या काढल्या, त्यांच्यातली वांगी, मिरच्या, केळीचे घड. तराजूची पारडी, छत्र्या, गाड्यांतले कापसाचे डोंगर. बैल काढले. वरून बैल म्हणजे एक लांबट रताळं आणि पुढे दोन शिंगं, ते मला झोपेतही आलं असतं. सगळ्यात आधी कागद देऊन मी बाहेर पडले आणि घरी जाऊन बासुंदी केली.

मी नापास झाले.

मास्तर स्वतः दुकानात आले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराआड. खालून ते नवऱ्याला सांगत होते, पण आवाज मला ऐकू यावा इतका मोठा ठेवला होता. "हात फार चांगला आहे. पण यांच्या बाजारात एकालाही तोंड नाही हो. नुसती डोकी. माणसाला पाय नाहीत, बैलाला पाय नाहीत. हा काय बाजार झाला? परीक्षक हसले असतील." मग म्हणाले, "बाजारात बसून काढायला सांगा. त्याशिवाय नाही जमायचं."

मी वर आले आणि रडले. आधी मास्तरांवर चिडले, मग परीक्षकांवर, मग नवऱ्यावर, त्याचा काही संबंध नसताना. कितीतरी दिवस पुठ्ठ्याला हात लावला नाही. एका दुपारी मात्र खिडकीत उभी राहिले आणि खाली बघताना अंगाचा तिळपापड झाला. मास्तर खरं बोलत होते. मी इतका बाजार पाहिला, पण त्यातलं एक माणूस मला वाटेत भेटलं असतं तर ओळखू आलं नसतं. ते कुणी मला ओळखत नव्हते आणि मी त्यांना. चिडले ती त्या खिडकीवर चिडले. तो राग पुढे फार उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवसापासून मी घरातली तोंडं काढायला लागले. घोरत पडलेला नवरा काढला. डाळ निवडणाऱ्या सासूबाई काढल्या, इतक्या वेळा काढल्या की त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडात आता काय राहिलंय? झिजेल ते." पण घरातल्या दोन-तीन तोंडांवर बाजार उभा राहत नाही. उकिडवं बसलेल्या माणसाचा गुडघा कुठे येतो, बैल पाय कसा टाकतो, ओझं उतरवताना बाईची मान कशी वळते, हे माडीवर बसून कळायचं नव्हतं. मला खाली जायला हवं होतं. पुढची परीक्षा जवळ येत होती. यंदाही नापास झाले तर घरातले म्हणणार, पुरे झाला खेळ, आणि ते म्हणाले असते तर मी काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही.

मी विचारलं. म्हणजे सासूबाईंना विचारलं आणि त्यांनी जेवताना सासऱ्यांच्या कानावर घातलं. सासऱ्यांनी घास तसाच ठेवला आणि कपाटाकडे बघितलं. "लोक आता कापड घ्यायला येतील की आमच्या घरची सून बघायला?"

"कापड घ्यायला तरी कुठे येतात हल्ली?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

पण शेवटी सगळे नाहीच म्हणाले. मग मी रुसले. माझं रुसणं साधं नसतं. मी काम सगळं करते, पण घरात एक शब्द बोलत नाही. कढी फुटायला लागली, बट्ट्या करपायला लागल्या. शेवटी सासूबाईच वैतागल्या. सुनेला आमच्यात बिनणी म्हणतात. "बिनणी, ऐक," त्या म्हणाल्या. "एक बाजार. आपल्याच दुकानाच्या बाजूच्या पायरीवर. मी सोबत उभी राहीन. कुणी एक शब्द जरी वाकडा बोललं, तर तिथल्या तिथे उठायचं, वर यायचं, आणि ते पुठ्ठे, त्या पेन्सिली, सगळं चुलीत. पुन्हा या घरात चित्राचं नाव निघणार नाही. कबूल?"

मी लगेच कबूल म्हटलं. मला रागाच्या भरात विचार करायची सवय नाही. मग मात्र ध्यानात आलं. बाजारात शेकडो माणसं येतात, आणि त्यांतल्या एकानेही वाकडं बोलायचं नाही, अशी अट मी मान्य करून बसले होते.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या बोळातून फिरून बाजूच्या पायरीवर आलो. मी बसले, पुठ्ठा मांडीवर घेतला. सासूबाई माझ्या मागे भिंतीला लागून उभ्या, नवी ओढणी, चेहरा असा की जणू बिनणीला नाही, चोराला धरून आणलंय. सासरे आत गल्ल्यावर होते. त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

घुंघटातून सगळं धुरकट दिसत होतं. समोर वांगी विकणारी एक म्हातारी होती, तिचं नाक कुठे संपतं आणि ओठ कुठे सुरू होतो तेच कळेना. असं कसं चालेल? मी घुंघट कपाळापर्यंत मागे सारला. मागून सासूबाईंचा श्वास ऐकू आला. आणि एकदम सगळं स्वच्छ दिसलं. काय सांगू, माणसांना किती सुरकुत्या असतात! दात किती तऱ्हेचे असतात! वरून मला वाटायचं बाजार म्हणजे गलका. इथे प्रत्येक जण वेगळ्या आवाजात बोलत होता आणि बोलताना प्रत्येकाचा गाल वेगळा हलत होता. मला आनंदाने रडू यायला लागलं, पण पुठ्ठा भिजेल म्हणून आवरलं.

थोड्याच वेळात भोवती माणसं जमली.

"हाई काय करी ऱ्हायनी व माय?" कुणीतरी अहिराणीत विचारलं.

"फोटू काढी ऱ्हायनी," दुसऱ्याने सांगितलं.

वांगीवाल्या म्हातारीने हे ऐकलं आणि डोक्यावरचं लुगडं सारखं केलं. "मन्हा फोटू काढ ना मंग. मी आठेच शे. आनि नथ काढजो बरं का. मन्ही नथ नही शे, तरी काढजो."

नसलेली नथ काढायची म्हणून सगळे हसले. मीही हसले, आणि ती माझ्याकडे बघून हसली. माझ्या चित्रासाठी माझ्याकडे बघणारं ते पहिलं परकं माणूस. माझा हात सैल झाला. पुठ्ठ्यावर कपाळ उतरलं, भुवया उतरल्या, खांदे, गुडघ्यावर ठेवलेला हात उतरला. मी नथही काढायला घेतली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सासऱ्यांच्या ओळखीचे एक व्यापारी आले. आमच्याच समाजातले, वयाने सासऱ्यांहून लहान. ते थांबले, माझ्या उघड्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काय सेठाणीजी, दुकान चालेनासं झालं वाटतं? सून बाजारात बसवलीत ती?"

आत गजाने कापड मोजण्याचा आवाज थांबला. मला वर बघायची हिंमत झाली नाही. एक शब्द म्हटलं होतं, इथे तर अख्खं वाक्य झालं होतं, आणि तेही चारचौघांत. मी वाद घालणार नव्हते. कबूल केलं ते केलं. घुंघट पुढे ओढला, पेन्सिली गोळा केल्या, पुठ्ठा उलटा धरला आणि उठायला लागले. संपलं, एवढंच डोक्यात होतं. धुळं संपलं, शाळा संपली, सगळं चुलीत.

खांद्यावर हात पडला आणि मी परत खाली बसले.

"मी नाही बसवली," सासूबाई त्या व्यापाऱ्यांना म्हणाल्या. "ती तिची बसली आहे. मी मात्र इतका वेळ उगीच उभी होते." आणि त्या धुळीच्या पायरीवर, नव्या ओढणीसकट, माझ्या शेजारी बसल्या. ढकलाढकली करणारी गर्दी, बैल, टोपल्या, सगळं त्यांनी एकदा नीट बघून घेतलं. तो माणूस निघून गेला. तो गेला हे त्यांनी बघितलंही नाही.

मी तशीच बसून होते. सासूबाईंनी माझा घुंघट स्वतःच्या हाताने मागे केला आणि समोरच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

"बिनणी, बघत काय बसलीस? तिची वांगी संपत आली. ती उठायच्या आत पुरं कर."