लेकीच्या घरचा घास

मालक गेल्यावर लेकीनं मला येरमाळ्याहून धाराशिवला तिच्या घरी आणलं. पोटी ल्योक न्हाय, शेतातल्या घरात म्या एकलीच, त्यात चक्कर येऊन पडाय लागले व्हते. पर लेकीच्या घरी ऱ्हायचं, जावयाचं अन्न खायाचं, ह्याची लई लाज. आमच्यात कुणी असं करत न्हाय. म्हनून येताना जवारीचं पीठ आणलं. माझी भाकर वेगळी थापायची, कोपऱ्यात तोंड फिरवून खायाची. लेक म्हनायची, "आई, म्या काय सवत हाय का तुझी?" म्या हासण्यावारी न्यायचे. आतून मातर भ्याव. उद्या हातपाय गेले, मग? आमच्या गावच्या येडाईदेवीपुढं हात जोडले तरी तोंडातून सबूद फुटंना.

पीठ संपलं त्या सकाळी कुणाला न सांगता गावाकडं परतायला येष्टी ष्ट्यांडाकडं निघाले. वाटंत अंधारी आली, एका दारात टेकले. आत चटईवर चार-पाच माणसं मुकाट बसलेली. वाटलं, ह्यांचं कुणीतरी गेलंय. मयताच्या दारातून तसंच उठून जाणं बरं दिसंना. डोक्यावर पदर घेतला, आत जाऊन बसले. कुणी हलंना, रडंना. लई येळानं शेजारच्या बाईला हळूच इचारलं, "कोण गेलं वो?"

ती गालात हासली. "कुणी न्हाई, मावशी. आम्ही असंच गप बसतो. देव आत काय म्हणतो ते ऐकायला. बसा तुम्ही बी."

लाजंनं मेल्यागत झालं. पर पाय उठंना. मालक गेल्यापासून म्या अशी बसलेच नव्हते. बसले तर मालक आठवले, रडू आलं, अन् सगळ्यांदेखत तोंडातून निघून गेलं, "मला भ्या वाटतंय." कुणी समजूत घातली न्हाय, उपदेश केला न्हाय. समदी माझ्यासंगं तशीच बसून ऱ्हायली. हळूहळू जीव थाऱ्यावर आला. आतून कुणीतरी म्हनल्यागत झालं, घरी जा, लेक वाट बघतीया. येडाई म्हनली का त्यांचा देव, म्या इचारलं न्हाय.

ती बाई दवाखान्यात नर्स व्हती. त्यांच्या किरिस्ताव पंथाला क्वेकर म्हनत्यात, म्हने. तिनंच हाताला धरून घरी पोचवलं. लेक दारात रडत उभी. जावई मला ष्ट्यांडावर हुडकायला गेल्ते, ते आल्यावर म्या मान खाली घालून म्हनलं, "जावईबापू, तुमच्या पंगतीला बसू का?"

"मामी, ह्ये इचारायला ष्ट्यांडावर गेल्ता व्हय?"

लाज गेली म्हनत न्हाय. अजून घास घेताना डोळं वर हुत न्हाईत. पर भ्यावाला हाकलायचा हट्ट म्या सोडला. ते आलं की त्याच्यासंगं गुमान बसते अन् देवाला म्हनते, आता तूच बघ. ज्यांनी वळखपाळख नसताना मला चटईवर जागा दिली, त्यांचं भलं व्हवो.